परेड, जैसे थे!

"मॅडम, तुमच्याकडे येणारी पोरं आधीच वेडी असतात, की तुमच्याकडे आल्यावर होतात?"

विचारलं बाई एकदाचं! एका दमात, एकही शब्द न गाळता, गौतमीनं पढवलं होतं अगदी तस्सं. दाराबाहेर गौतमी आणि पूर्वा एकमेकींची तोंडं दाबून उभ्या होत्या. मधल्या सुट्टीत आम्ही चिठ्ठ्यांचा खेळ खेळायचो. हरेल तिनं बाकीच्या सांगतील ते करायचं. त्या दिवशी मी हरले होते. खरं तर ऑगस्टपासून मी हरले काय, जिंकले काय, कुणी काहीही सांगितलं तरी करत होते. 'नाही' म्हणायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

बागवान मॅडम डबा खात होत्या. त्यांनी हातातला घास शांतपणे संपवला, रुमालाला बोटं पुसली.

"प्रश्न चांगला आहे," त्या म्हणाल्या. "तू तर आत्ताच आलीस. जाताना तूच सांग."

बागवान मॅडम म्हणजे आमच्या शाळेच्या समुपदेशक. दर गुरुवारी सांगलीहून एसटीनं विट्याला यायच्या. त्यांना वेगळी खोली नव्हती, म्हणून जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, सांगाड्याच्या शेजारी, त्यांचं टेबल मांडलेलं. सगळी शाळा त्या जागेला 'हाडांचा दवाखाना' म्हणायची. तिथं जाताना कुणी दिसलं की संपलंच, आठवडाभर त्याला बघून पोरं डोक्याजवळ बोट फिरवणार. आता मी दहावीत आहे आणि ही गोष्ट वर्गात बाकावर उभी राहून सांगू शकते. पण तेव्हा मी आठवीत होते, आणि मला फक्त तिथून पळायचं होतं.

"सॉरी मॅडम," म्हणत मी गर्रकन वळले, आणि तिथंच घोळ झाला. माझं कोपर सांगाड्याला लागलं. त्याचा उजवा हात खांद्यातून निखळला आणि खडखडत फरशीवर पडला.

त्याबरोबर माझा हात उठला. फाट्कन कपाळावर. "बिनडोक! बिनडोक आहेस तू!"

दाराबाहेरचं हसू थांबलं. मॅडम उठल्या, त्यांनी तो हाडांचा हात उचलून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"हात त्याचा निखळला. मार तुला का?"

"चूक माझी ना, मॅडम."

"कपाळ लाल झालंय तुझं. दुखलं नाही?"

"सवय आहे."

मी हे इतक्या सहज म्हणाले की मलाच ते नंतर ऐकू आलं. मॅडमनी एक स्टूल पुढं सरकवलं.

"बस. दिवसातून किती वेळा मारतेस?"

"मोजलं नाही. दहा-बारा वेळा असेल. गणिताच्या तासाला जरा जास्त."

"आणि कधीपासून?"

ते मात्र मला तारखेनिशी माहीत होतं.

पंधरा ऑगस्ट. शाळेच्या मैदानावर आठवी-नववीची एकशे चाळीस पोरं, आणि परेडची कमांडर मी, हर्षदा तारळेकर! आठवीतल्या मुलीला कमांड पहिल्यांदाच मिळालेली. झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत झालं. आता 'दाहिने मुड' म्हणायचं आणि 'तेज चल' म्हणून सगळ्यांना पाहुण्यांसमोरून न्यायचं, एवढंच उरलेलं. मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "परेड, पीछे मुड!"

पीटीच्या सूर्यवंशी सरांनी महिनाभर घासून घेतलेली पोरं ती. एका झटक्यात सगळी वळली. झेंड्याकडं पाठ, पाहुण्यांकडं पाठ, माझ्याकडं पाठ. मला समोर एकशे चाळीस डोक्यांच्या मागच्या बाजू दिसत होत्या. डोक्यात नुसता गोंगाट. आणि त्या गोंगाटात मी पुढची ऑर्डर देऊन टाकली, "तेज चल!"

निघाली की परेड! थेट कंपाउंडच्या भिंतीकडं. थांबा म्हणायला कुणी नाही, म्हणून पहिली रांग भिंतीला नाक लावून जागच्या जागी पाय आपटत राहिली, दुसरी रांग तिच्या मागं, तिसरी दुसरीच्या मागं. शेवटी सरांनीच धावत येऊन "थम!" म्हटलं. पाहुणे हसून हसून खुर्चीत वाकलेले. कुणीतरी व्हिडिओ काढला, आणि दुपारपर्यंत तो अख्ख्या विट्यानं बघितला. माझं नाव पडलं 'पीछेमुड'. किराणा दुकानातले काकासुद्धा विचारायचे, "काय पीछेमुड, साखर पाहिजे का?"

गर्दीत पप्पा होते. घरी आल्यावर ते एक शब्दही बोलले नाहीत. सप्टेंबरात मी रडून रडून सांगितलं की मला ही शाळा नको, मी कऱ्हाडला आत्याकडं राहीन, तिथंच शिकीन. पप्पांनी दाखल्यासाठी अर्ज लिहिला आणि त्यांच्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानातल्या ड्रॉवरमध्ये ठेवला. वार्षिक परीक्षा झाली की द्यायचा. मी तो अर्ज अधूनमधून काढून बघायची. सुटकेची चिठ्ठी वाटायची ती मला.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. कपाळ झोंबत होतं म्हणून असेल.

"कपाळावर मारताना बिनडोक म्हणतेस. आणखी काय काय म्हणतेस स्वतःला?"

मी खाली मान घालून सगळं म्हणून दाखवलं. पाठच होतं.

मॅडमनी दाराकडं बघितलं. "बाहेर मैत्रीण आहे ना तुझी? तिला आत बोलावलं तर चालेल? नको असेल तर नको."

मी मान हलवली. चालेल.

गौतमी आत आली ती बोलतच. "मॅडम, मी काहीच नाही केलं, प्रश्न हिनंच विचारला!" पूर्वा तोवर पळून गेली होती.

"तू नुसती उभी राहा गं," मॅडम म्हणाल्या. "हर्षदा, समज की परेड तू नाही, हिनं भिंतीवर नेली. आता स्वतःला जे जे म्हणतेस ते हिला म्हण. डोळ्यांत बघून."

मी गौतमीसमोर उभी राहिले. तिच्या हनुवटीला शाईचा डाग होता. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसतोय.

"गौतमी, तू बिनडोक आहेस."

आम्ही दोघी फिसकन हसलो.

"पुढं," मॅडम म्हणाल्या.

"तुझ्यामुळं शाळेची लाज गेली. घरच्यांना मान वर करता येत नाही तुझ्यामुळं." गौतमीचं हसू गेलं. "तुला कधीच काही जमणार नाही. तू... तू कुणाला तोंडच..."

मला पुढं म्हणता येईना. समोर ती हनुवटी हलायला लागली होती.

"म्हण की," मॅडम म्हणाल्या. "रोज म्हणतेस ना?"

"नाही म्हणणार! हिला का म्हणू? काय केलंय हिनं एवढं? एक ऑर्डर चुकली, बस्स!"

माझंच वाक्य फिरून माझ्याकडं आलं आणि माझ्यासमोर उभं राहिलं.

गौतमीच्या डोळ्यांत पाणी होतं. "हर्षे, हे तू रोज म्हणतेस? स्वतःला? मी तर नुसतं पीछेमुड म्हणायचे गं. गंमत म्हणून."

"हे तू नाही म्हटलंस. माझं मीच."

"मग हिची ऑर्डर चुकली असती," मॅडमनी विचारलं, "तर तू खरंच काय म्हणाली असतीस?"

"म्हटलं असतं, होतं गं असं. चल, पाणी पी. पुढच्या वेळी दोघी मिळून पाठ करू."

"हे गौतमीला सांगायला तुला दोन सेकंदही लागले नाहीत," मॅडम म्हणाल्या. "आता आठवडाभर एकच अभ्यास. हात कपाळाकडं जाणारच, त्याला सवय आहे. जाऊ दे. फक्त मारू नकोस, ठेव. ताप बघायला ठेवतात ना, तसा. आणि जे हिला म्हणालीस ते म्हण. दुसरं, तो बिनडोक म्हणणारा आवाज नीट ऐक. कुणाचा आहे तो?"

"माझाच की."

"असेल. ऐकून सांग. घाई नाही."

मी दारापर्यंत गेल्यावर त्यांनी हाक मारली. "मग? आधीच होतीस, की इथं आल्यावर झालीस?"

"अजून ठरलं नाही, मॅडम. पुढच्या गुरुवारी सांगते."

पुढच्या गुरुवारी मी गेले, पण मागच्या जिन्यानं. कुणाला दिसू नये म्हणून. आणि गेल्या गेल्या रडले.

"मला अभ्याससुद्धा जमला नाही. मी नऊ वेळा मारलं. आणि मारलं म्हणून स्वतःला शिव्या दिल्या. मग शिव्या दिल्या म्हणून परत मारलं."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा खाली आला. मग मीही हसले. "अगं, दहा-बारावरून नऊवर आलीस की," त्या म्हणाल्या. "आणि त्या नऊसाठी गौतमीला काय म्हणाली असतीस?"

"होतं गं असं."

"मग?"

मी कपाळावर हात ठेवला. अगदी वेड्यासारखं वाटत होतं. पण हात गार होता आणि कपाळ गरम होतं, आणि बरं वाटलं, हे खरं.

डिसेंबरच्या एका रविवारी पप्पांचा डबा घेऊन मी दुकानात गेले. पप्पा विहिरींवरच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करतात, आतली जळकी तार काढून नवीन तांब्याची तार भरतात. फार निगुतीचं काम. प्रत्येक कॉइलचे वेढे मोजून घालायचे, एक कमी नाही, एक जास्त नाही. मोजताना पप्पा कुणाशी बोलत नाहीत.

तेवढ्यात एक म्हातारे आबा टेम्पोतून मोटर घेऊन आले. तोंड अगदी पडलेलं. "माझंच चुकलं बघा, तारळेकर. विजेचा एक फेज गेलेला, आणि मी तसंच बटण दाबून बसलो. जाळून टाकली मोटर. माझ्यासारखा येडा मीच."

पप्पांनी काम बाजूला ठेवलं, आबांना खुर्ची दिली. "होतंय असं, आबा. विहिरीवर उभं राहून कुणाला दिसतंय फेज गेलेला? च्या घ्या. मंगळवारी मोटर घेऊन जावा."

आबांचा चेहरा असा उजळला! चहा पिऊन गेले. पप्पा परत कॉइलकडं वळले, आणि त्यांना कळलं की आकडा विसरला. त्रेपन्न की चोपन्न?

फाट्कन आवाज आला. पप्पांचा तळहात, पप्पांचं कपाळ. "बिनडोक! बिनडोक माणूस आहेस!"

मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. तोच आवाज. तसाच 'बि'वर जोर, तसंच शेवटी खाली जाणं. मी जन्मल्यापासून हा आवाज रोज ऐकत होते, पंख्याच्या आवाजासारखा, म्हणून कधी ऐकूच आला नव्हता. पप्पांनी मला आयुष्यात एकदाही बिनडोक म्हटलेलं नाही. म्हणायचे ते स्वतःलाच. आणि मी ते सगळं, हातासकट, जसंच्या तसं उचललं होतं.

पप्पांनी पूर्ण कॉइल उलगडायला घेतली.

"पप्पा, आबांची अख्खी मोटर जळाली तर तुम्ही त्यांना चहा पाजला," मी म्हणाले. "तुमचा एक आकडा चुकला, तर हे काय?"

"आबांचं वेगळं गं. माझं कामच आहे हे." त्यांनी मान वर केली नाही. "पंधरा ऑगस्टला मम्मी माहेरी होती, आणि तुला उपाशी पाठवलं मी. गडबडीत विसरलो. पोटात काही असतं तर गडबडली नसतीस तू. असला बिनडोक बाप."

चार महिने! चार महिने मला वाटत होतं की पप्पांना माझी लाज वाटते म्हणून ते बोलत नाहीत. आणि पप्पा तिकडं स्वतःलाच मारत बसले होते.

गुरुवारी मी मॅडमना आवाजाचं उत्तर दिलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या परेडमध्ये चुकून भलतीच ऑर्डर गेली, तर काय करतात? काहीतरी असेलच ना."

"असतं की. 'जैसे थे' म्हणायचं. मग सगळे परत पहिल्यासारखे उभे राहतात, आणि कमांडर बरोबर ऑर्डर देतो. सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं."

"मग तू का नाही म्हणालीस?"



"मॅडम, डोक्यात नुसतं बिनडोक बिनडोक वाजत होतं," मी हळूहळू म्हणाले. "त्यात 'जैसे थे' ऐकूच आलं नाही."

तिथून निघाले ती सरळ मैदानावर. सूर्यवंशी सर सव्वीस जानेवारीसाठी रांगा आखत होते. कमांडर म्हणून पूर्वाचं नाव ठरल्यात जमा होतं.

"सर, मला परत कमांड पाहिजे."

सरांनी चुन्याचा डबा खाली ठेवला. मागं पोरं खिदळली. "कशाला? राहिलेली भिंत पाडायला?"

"चुकले तर चुकेन, सर. पण चुकल्यावर काय करायचं ते आता मला येतं."

"काय करायचं?"

"जैसे थे म्हणायचं, सर."

पूर्वा रांगेतून म्हणाली, "सर, द्या तिला. मला नुसता घसा दुखवून घ्यायचा आहे का?" आणि गौतमी मागून ओरडली, "माझी पण शिफारस आहे, सर!"

"तुझी कोण विचारतंय?" सर म्हणाले. पण शिट्टी त्यांनी माझ्या हातात दिली.

सव्वीस जानेवारी. या वेळी मी पोह्यांच्या दोन प्लेटा खाऊन गेले, पप्पांनी समोर बसून वाढल्या. तेच मैदान, तीच भिंत, गर्दीत पप्पा आणि मम्मी, आणि खास सांगलीहून आलेल्या बागवान मॅडम. झेंडा फडकला. राष्ट्रगीत झालं. मी श्वास घेतला.

"परेड, बाएँ मुड!"

हो. परत चुकले. दाहिनेच्या जागी बाएँ. एकशे चाळीस पोरं डावीकडं वळली. भिंतीपाशी बसलेल्या कुणीतरी "आली रे आली, पीछेमुड!" अशी आरोळी दिली. हात सावधानमध्ये शिवणीला चिकटलेले, त्यामुळं कपाळावर मारायची सोयच नव्हती. आतला आवाज मात्र आलाच. बि... तो सुरू झाला. आणि तो पुरा व्हायच्या आधी, त्याला ढकलून, दुसरा आवाज आला. होतं गं असं. चल.

मी मान ताठ केली. माझा आवाज मैदानाच्या पलीकडच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेला असेल.

"परेड, जैसे थे!"

खाड्! एकशे चाळीस पोरं परत समोर. धूळ उडाली. एक, दोन, मी मनात मोजलं.

"परेड, दाहिने मुड! तेज चल!"

निघाली! पाहुण्यांसमोरून, झेंड्यासमोरून, माना पाहुण्यांकडं, पायाला पाय जुळवून. भिंत आपली बिचारी मागं एकटी राहिली. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. गौतमी तिसऱ्या रांगेत होती, परेडमध्ये हसायचं नसतं हे विसरून दात काढून हसत होती. भाषणात पाहुणे म्हणाले, "मुलांनी डावीकडं वळून परत येण्याची जी कवायत दाखवली, ती तर फारच सुंदर!" सूर्यवंशी सर खोकण्याचं नाटक करत तोंड लपवून हसले. मी लांबून बागवान मॅडमकडं बघितलं. त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात ठेवला, ताप बघायला ठेवतात ना, तसा.

दुपारी घरी जेवायला बसलो. मम्मीनं जिलेबी आणली होती. पप्पांनी ड्रॉवरमधला तो अर्ज सोबत आणलेला, घडी न मोडता माझ्या ताटाशेजारी ठेवला. "तू म्हणशील तसं," ते म्हणाले. "जायचं तर जायचं. आत्याला मी शब्द दिलाय." बोलता बोलता त्यांच्या कोपराचा धक्का लागून तांब्या कलंडला आणि सगळं पाणी अर्जावर. निळी शाई पसरत गेली.

"बिन..." पप्पांचा हात वर गेला.

"पप्पा, जैसे थे!"

मी असली ओरडले की शेजारच्या घरात कुत्रं भुंकलं. पप्पांचा हात हवेत तसाच थांबला. मम्मी तोंडावर पदर धरून हसायला लागली. मी उठले, तो हात धरून हळूच त्यांच्या कपाळावर ठेवला आणि दाबून धरला.

"होतं असं, पप्पा," मी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले, पण ते हसत होते.

मग मी मागं सरकले, सावधानमध्ये उभी राहिले, आणि दोघांना ऑर्डर दिल्यासारखं सांगून टाकलं. "मी कऱ्हाडला जाणार नाही. नववी इथंच, दहावी इथंच, आणि आत्याला फोन मी स्वतः करणार. आणि दर गुरुवारी बागवान मॅडमकडं जाणार. मागच्या जिन्यानं नाही, पुढच्या दारानं, सगळ्यांसमोरून!"